कॅमेरा ड्रोनसाठी घरगुती फ्लोट : आखणी, बांधणी आणि पाण्यावरची चाचणी

कॅमेरा ड्रोनला पाण्यावर तरंगत ठेवणे फारसे कठीण नाही. कठीण आहे ते त्याला पाण्यावर सरळ उभे ठेवणे. फोमचे दोन तुकडे पायांना बांधले की अर्ध्या-पाऊण किलोचे यंत्र सहज तरंगते, आणि म्हणूनच घरी फ्लोट बनवणारे बहुतेक जण फोम किती लावायचा या एकाच प्रश्नात अडकून राहतात. प्रत्यक्षात पाण्यावर उतरणारा ड्रोन सरळ बुडून क्वचितच खराब होतो. तो उतरताना एका बाजूला कलतो, एका पंख्याचे पाते पाण्याला लागते, उरलेले तीन पंखे त्याला क्षणात पालथा घालतात, आणि मग फ्लोट आपले काम चोख बजावत वर तरंगत राहतात तर कॅमेरा, बॅटरी आणि सगळे इलेक्ट्रॉनिक्स त्यांच्याखाली पाण्यात लोंबकळते. म्हणून फ्लोटची आखणी करताना पहिला विचार अंतराचा, दुसरा उंचीचा आणि तिसरा फोमच्या आकारमानाचा करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे वजन आणि आकारमानाचा हिशेब आधी मांडला असला तरी महत्त्वाचा क्रम हाच आहे.

आकडे समजायला सोपे जावेत म्हणून ५७० ग्रॅम वजनाचा, घडी होणारा ड्रोन उदाहरणादाखल धरला आहे; डीजेआयच्या मॅव्हिक एअर २ चे वजन तेवढेच आहे. आपला ड्रोन वेगळा असेल तर त्याचे वजन बॅटरी, पाती आणि मेमरी कार्डासह स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर करून घ्यावे आणि हिशेब नव्याने मांडावा. एक गोष्ट मात्र आधीच ध्यानात ठेवावी की फ्लोट लावल्याने ड्रोन जलरोधक होत नाही. घडीच्या ड्रोनना हवा खेळण्यासाठी झरोके असतात, मोटारी उघड्या असतात आणि गिंबलच्या (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या यंत्रणेच्या) सांध्यांत पाण्याचा एक थेंबही पुरेसा त्रास देतो. फ्लोटमुळे ड्रोनला पाण्यावर टेकण्याची जागा मिळते, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

वजन आणि आकारमान

आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार गोड्या पाण्यात बुडालेला प्रत्येक घन सेंटिमीटर फोम एक ग्रॅम वजन पेलतो. ड्रोनचे ५७० ग्रॅम आणि फ्लोटच्या सांगाड्याचे सुमारे ९० ग्रॅम मिळून ६६० ग्रॅम होतात, म्हणजे ६६० घन सेंटिमीटर फोम पाण्याखाली गेला की ड्रोन तरंगू लागतो. परंतु एवढाच फोम लावला तर तो पूर्ण बुडालेला राहील आणि लहानशी लाटसुद्धा ड्रोनला खाली ढकलेल. फोमचे एकूण आकारमान गरजेच्या तिप्पट असावे, म्हणजे त्याचा सुमारे एक तृतीयांश भागच पाण्यात राहतो आणि उरलेला भाग कलण्याच्या वेळी राखीव आधार म्हणून कामी येतो.

पोहायला शिकणारी मुले वापरतात त्या पूल नूडलचा व्यास साधारण ६.५ सेंमी आणि मधल्या भोकाचा व्यास सुमारे २ सेंमी असतो. भोक वजा करता त्याच्या छेदाचे क्षेत्रफळ ३० चौरस सेंटिमीटर भरते. ३५ सेंमी लांबीचे दोन तुकडे घेतले तर एकूण २१०० घन सेंटिमीटर फोम मिळतो, जो ६६० च्या तिपटीपेक्षा थोडा अधिकच आहे, आणि त्याचे वजन मात्र पन्नास ग्रॅमच्या आसपास राहते. नूडलचा व्यास दुकानागणिक बदलतो, तेव्हा विकत घेण्यापूर्वी पट्टीने मोजून हा हिशेब पुन्हा करावा.

वाढलेल्या वजनाची किंमत उड्डाणाच्या वेळेत मोजावी लागते. हवेत स्थिर राहण्यासाठी लागणारी शक्ती वजनाच्या दीडाव्या घाताने वाढते. ५७० चे ६६० ग्रॅम झाले की ती सुमारे २५ टक्क्यांनी वाढते. जो ड्रोन एरवी ३० मिनिटे उडतो तो २४ मिनिटांवर येतो, आणि त्यात फ्लोटला लागणाऱ्या वाऱ्याचा विरोध अजून धरलेला नाही. आपल्याकडे २४९ ग्रॅमचा ड्रोन असेल तर आणखी एक बाब लक्षात घ्यावी. ड्रोन नियम, २०२१ मध्ये ड्रोनचा वर्ग वाहून नेलेल्या भारासह होणाऱ्या एकूण वजनावरून ठरतो, आणि २५० ग्रॅमची मर्यादा ओलांडली की तो ड्रोन नॅनो वर्गातून मायक्रो वर्गात जातो. दहा ग्रॅमचा फोमसुद्धा हा बदल घडवून आणण्यास पुरेसा आहे.

साहित्याची निवड

फोमच्या बाबतीत एकच कसोटी निर्णायक आहे, ती म्हणजे तो पाणी शोषतो की नाही. गादी किंवा सोफ्यातील स्पंज कितीही हलका असला तरी तो पाणी पितो, म्हणून तो पूर्णपणे वर्ज्य मानावा. पूल नूडल आणि पॅकिंगसाठी वापरला जाणारा पांढरा ईपीई (पॉलिथिलीनचा) फोम यांची छिद्रे बंद असतात आणि ते लवचिकही असतात, त्यामुळे ते उत्तम ठरतात. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीसारख्या औद्योगिक वसाहतींमुळे ईपीई फोम मिळणे कठीण नाही; यंत्रांच्या खोक्यांतून निघणारे जाड तुकडेही चालतात, फक्त त्यांना कापून गोल आकार द्यावा लागतो.

आपल्या घरांत हमखास सापडणारे साहित्य म्हणजे गणपतीच्या मखरातून उरलेला थर्मोकोल. तो हलका असतो, कापायला सोपा असतो आणि फुकट मिळतो, तरीही मी तो सुचवणार नाही. मखरासाठी वापरला जाणारा थर्मोकोल कमी घनतेचा असतो, त्याच्या दाण्यांमधील फटींतून पाणी हळूहळू आत शिरते आणि दोन-चार वेळा टेकल्यावर कडांचे दाणे सुटून पाण्यात पसरतात. तळ्यातील पाखरे आणि मासे ते खाद्य समजून गिळतात, ही गोष्ट गंभीरपणे घ्यायला हवी. दुसरा काही पर्याय नसेल तर थर्मोकोलवर पातळ प्लॅस्टिकची पारदर्शक चिकटपट्टी सर्व बाजूंनी गुंडाळावी आणि एकही कड उघडी ठेवू नये.

चिकटवण्याच्या पदार्थाबाबत थोडे सावध राहावे. रबर चिकटवायचे तीव्र वासाचे द्रावण थर्मोकोलला अक्षरशः विरघळवते. फेव्हिकॉलचा नेहमीचा पांढरा डिंक पाण्यात मऊ पडतो. अॅराल्डाइटसारखे दोन नळ्यांचे इपॉक्सी थर्मोकोलवर चांगले बसते, परंतु ईपीईचा पृष्ठभाग मेणचट असल्याने त्यावर कोणताच डिंक मनासारखा धरत नाही. नूडलवर हॉट ग्लू गनचा डिंक बऱ्यापैकी चिकटतो, तरी सगळा भरवसा डिंकावर न ठेवता सांधा केबल टायने आवळलेला असावा आणि टायच्या खाली प्लॅस्टिकच्या बाटलीची दोन बोटे रुंद पट्टी ठेवावी, म्हणजे टाय फोममध्ये रुतून त्याला कापत नाही.

सांगाड्यासाठी ४ मिमी जाडीची भरीव फायबरग्लासची कांडी माझ्या मते सर्वांत योग्य आहे. एक मीटर कांडीचे वजन सुमारे २४ ग्रॅम भरते, ती वाकते पण मोडत नाही, गंजत नाही आणि रेडिओ लहरींना अडवत नाही. कार्बनच्या नळ्या अधिक ताठ असल्या तरी कार्बन विद्युतवाहक असल्यामुळे अँटेनाजवळ तो संकेत दुबळा करतो, आणि अनेक घडीच्या ड्रोनमध्ये अँटेना पुढच्या पायांतच बसवलेली असते. लोखंडी तार, स्क्रू आणि पत्रा यांना मज्जाव करावा, कारण ड्रोनमधील होकायंत्र त्यांच्या सान्निध्यात दिशा चुकवते. फायबरग्लास न मिळाल्यास बांबूची कामटी वापरता येते. उत्तरायणाच्या तयारीत पतंग बांधणारे कारागीर या शहरात आहेत आणि सरळ, एकसारख्या गाभ्याची कामटी कशी निवडावी हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. फक्त बांबूला वॉर्निशचे दोन हात द्यावेत, नाहीतर तो पाण्याने फुगतो आणि सांधे सैल करतो.

फ्लोट कोठे बसवावेत

या प्रश्नाचे उत्तर देताना पंख्यांखालचा वारा आधी समजून घ्यावा लागतो. सुमारे १८ सेंमी व्यासाची चार पाती ६६० ग्रॅम वजन हवेत धरून ठेवतात तेव्हा पात्यांमधून हवा सेकंदाला सुमारे ५ मीटर वेगाने खाली जाते, आणि थोडे खाली गेल्यावर तो झोत आक्रसून त्याचा वेग जवळजवळ दुप्पट होतो, म्हणजे ताशी ३५ किलोमीटरच्या पुढे जातो. या झोताच्या बरोबर खाली ३५ सेंमी लांब आणि ६.५ सेंमी रुंद असा नूडल आडवा ठेवला, तर त्यावर पडणारा हवेचा दाब ड्रोनला खाली रेटतो. ढोबळ हिशेबाने दोन्ही नूडल मिळून हा रेटा शंभर ग्रॅमच्या पुढे जाऊ शकतो. नूडलचे स्वतःचे वजन पन्नास ग्रॅम असताना त्याच्या चुकीच्या जागेची किंमत त्याच्या दुप्पट पडते, आणि शिवाय फोमवर आदळलेली हवा घुसळून ड्रोनला थरथरवते ती वेगळीच. पायांना थेट फोम बांधलेल्या ड्रोनचे चित्रण थरथरते, त्याचे एक मोठे कारण हेच आहे.

म्हणून दोन्ही फ्लोट झोताच्या बाहेर न्यावेत. उदाहरणातील ड्रोनमध्ये डाव्या-उजव्या मोटारी मध्यरेषेपासून सुमारे १२ सेंमीवर आहेत. खाली आक्रसलेल्या झोताची त्रिज्या साधारण साडेसहा सेंमी धरली तर झोताची बाहेरची कड मध्यरेषेपासून साडेअठरा सेंमीवर पडते. त्याच्या पलीकडे नूडलची अर्धी जाडी जोडली की नूडलची मध्यरेषा २२ सेंमीवर येते, म्हणजे दोन फ्लोटमधील अंतर ४४ सेंमी ठेवावे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही रुंदी अवाजवी वाटते, पण तिचा दुसरा आणि अधिक मोठा लाभ स्थैर्यात आहे. डाव्या-उजव्या बाजूला कलण्याविरुद्धचा प्रतिकार दोन फ्लोटमधील अंतराच्या वर्गाने वाढतो, म्हणजे अंतर दुप्पट केले तर तो चौपट होतो, आणि त्यासाठी फोम एक ग्रॅमनेही वाढवावा लागत नाही. फोम दुप्पट करण्यापेक्षा अंतर दीडपट करणे केव्हाही फायद्याचे आहे.

रुंदीचा प्रश्न सुटला की कमकुवत दिशा पुढे-मागे अशी उरते. तेथे फ्लोटची लांबी कामी येते आणि तिचा परिणाम घनाने होतो. नूडल २७.५ सेंमीऐवजी ३५ सेंमी लांब घेतला की पुढे-मागे डुलण्याविरुद्धचा प्रतिकार जवळजवळ दुप्पट होतो. याच कारणासाठी आखूड आणि जाड फ्लोटपेक्षा लांब आणि मध्यम जाडीचे फ्लोट निवडावेत. दोन्ही फ्लोटचा मध्यबिंदू ड्रोनच्या गुरुत्वमध्याच्या बरोबर खाली यावा. बॅटरी बसवलेला ड्रोन दोन बोटांवर तोलून गुरुत्वमध्य सापडतो. तेथे चिकटपट्टीचा लहान तुकडा लावून खूण करावी.

तळाच्या आकाराविषयीही दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. सपाट तळाची पाटी पाण्यावर चिकटून बसते आणि उड्डाणाच्या वेळी एक बाजू आधी सुटली तर ड्रोन तिरपा होतो. नूडलचा गोल तळ पाणी सहज सोडतो. पुढचे टोक मात्र खालून तिरके कापून होडीच्या नाकासारखे वर उचललेले ठेवावे, म्हणजे उतरताना ड्रोन किंचित पुढे सरकत असला तरी टोक पाण्यात घुसत नाही.

सांगाड्याची बांधणी

फायबरग्लासच्या ५५ सेंमी लांबीच्या दोन कांड्या घ्याव्यात. प्रत्येक कांडीला धनुष्यासारखा बाक द्यायचा आहे, ज्याची टोके खाली आणि मध्य वर असेल. दोन टोकांमधील अंतर ४४ सेंमी आणि मध्याची उंची ८ ते ९ सेंमी ठेवली तर ४ मिमीची कांडी तो बाक कोणताही धोका न पत्करता सहन करते. बाक टिकून राहावा म्हणून दोन टोकांना नायलॉनच्या दोऱ्याने बांधावे. हा दोरा पाण्याच्या पातळीला समांतर राहतो आणि फ्लोट फाकू देत नाही. कांडीची टोके सँडपेपरने घासून बोथट करावीत आणि फायबरग्लास कापताना किंवा घासताना तोंडावर मास्क व हातात मोजे असावेत, कारण त्याची भुकटी त्वचेला आणि श्वासाला अपायकारक असते.

पहिली कांडी गिंबलच्या मागे आणि दुसरी मागच्या पायांजवळ यावी. ड्रोनच्या हातांना (मोटारी धरणाऱ्या दांड्यांना) प्रत्येक कांडी बिजागरीच्या लगेच बाहेर, खाली सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ठेवून, केबल टायने आवळावी. कांडी पात्यांच्या पातळीपासून किती खाली राहते ते पाते हाताने फिरवून प्रत्येक मोटारीपाशी तपासावे, आणि टायची शेपटी कापून टाकावी, कारण मोकळी शेपटी वाऱ्याने वर उडून पात्याला लागते. टाय बॅटरीच्या खिट्टीवर, झरोक्यांवर किंवा पुढच्या पायांतील अँटेनावर येणार नाही याची खात्री करावी. नंतर कांडीची टोके नूडलच्या वरच्या बाजूने तिरकी खुपसून हॉट ग्लूने बसवावीत आणि वर सांगितल्याप्रमाणे पट्टी ठेवून टाय आवळावेत. पन्नास ग्रॅम फोम, सव्वीस ग्रॅम कांड्या आणि दोरा-टाय-डिंक यांचे दहा-पंधरा ग्रॅम असे सगळे मिळून सांगाडा नव्वद ग्रॅमच्या आसपास बसतो. तो शंभरच्या पुढे गेला तर जास्तीचे वजन प्रथम डिंकात शोधावे.

या मापांत ड्रोन पाण्यावर बसला की नूडल सव्वादोन ते अडीच सेंमी बुडतो आणि कमानीचा मध्य पाण्यापासून सुमारे १२ सेंमी वर राहतो. गिंबल कमानीच्या खाली ४ सेंमी लोंबत असेल तर त्याला ८ सेंमी मोकळीक मिळते. शांत पाण्यासाठी मी याहून कमी मोकळीक मान्य करणार नाही. कॅमेऱ्याच्या दृष्टिक्षेपात फ्लोटची टोके येतात का, हे सांगाडा कायमचा आवळण्यापूर्वी फोनच्या पडद्यावर पाहून घ्यावे. येत असतील तर फ्लोट दोन-तीन सेंमी मागे सरकवता येतात, त्यापेक्षा जास्त सरकवू नयेत.

ड्रोनच्या पोटाखालचे संवेदक हा स्वतंत्र विषय आहे. जमिनीचे अंतर मोजणारे आणि खालचे दृश्य पाहून जागा धरून ठेवणारे हे संवेदक पाण्यावर गोंधळतात, कारण पाण्याचा पृष्ठभाग चकाकतो, हलतो आणि कधी आरपार दिसतो. फ्लोट किंवा दोरा त्यांच्या समोर आला तर ड्रोनला जमीन अगदी जवळ असल्याचा भास होतो. म्हणून दोन कांड्यांच्या मधली जागा पूर्ण मोकळी ठेवावी. अनेक ड्रोनमध्ये उतरण्याची जागा सुरक्षित नाही असे वाटल्यास तो हवेतच थांबून राहतो. ही सोय कशी बंद करावी आणि ती बंद केल्यावर ड्रोन कसा वागतो, हे आपल्या ड्रोनच्या माहितीपुस्तिकेत वाचून जमिनीवरच सराव करावा.

चाचण्यांचा क्रम

पाण्यावर जाण्यापूर्वी फोमचे वजन करून तो दगड ठेवून चोवीस तास बादलीत बुडवून ठेवावा, पुसून पुन्हा तोलावा. वजन दोन-तीन ग्रॅमहून अधिक वाढले तर तो फोम टाकून द्यावा. नंतर सांगाड्यावर ड्रोनऐवजी त्याच वजनाची वाळूची पिशवी ड्रोनच्या उंचीवर बांधावी आणि लहान मुलांच्या फुगवायच्या टबमध्ये सांगाडा सोडावा. पाण्याची रेषा नूडलवर कोठे येते ते मार्करने चारही टोकांना आखावे. चारही खुणा एका पातळीत असल्या तर तोल बरोबर आहे. पुढच्या खुणा वर असतील तर पुढे भार जास्त आहे. आता एक फ्लोट बोटाने हळूहळू दाबून सांगाडा थोडा कलवावा आणि सोडून द्यावा. तो एक-दोन हेलकाव्यांत सरळ व्हायला हवा. दाबलेला नूडल पूर्ण पाण्याखाली गेला आणि दुसरा हवेत उचलला गेला तर तेथे त्याची मर्यादा संपली असे समजावे.

यानंतर ड्रोन बसवून मोकळ्या गवताळ जमिनीवर दोन मीटर उंचीवर मिनिटभर स्थिर ठेवावा. मोटारींचा आवाज एकसारखा आहे का, चित्र थरथरते का आणि उतरल्यावर एखादी मोटार इतरांपेक्षा जास्त तापली आहे का, हे पाहावे. सांगाडा वाऱ्याने गुणगुणत असेल तर दोरा अधिक ताणावा. वाऱ्याच्या झुळुकीत ड्रोन नेहमीपेक्षा जास्त कलून उभा राहतो, कारण फ्लोटची बाजू वाऱ्याला अडते. या सांगाड्यासह झाडाची पाने सतत हलत असतील अशा वाऱ्यात उडू नये.

बडोद्यात जागा कोणती

नकाशावर पाहिले तर बडोद्याच्या भोवती पाणी भरपूर दिसते, परंतु त्यातील बहुतेक पाणी या कामासाठी नाही. विश्वामित्री नदी शहराच्या मधोमध वाहते आणि तिच्यात मगरी आहेत, हे कोणाही बडोदेकराला सांगायला नको. ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या वस्त्यांमध्ये शिरल्याचे सर्वांनी पाहिले आहे. सयाजीराव महाराजांनी शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधवलेल्या आजवा सरोवरातही मगरी आहेत, आणि ते पिण्याचे पाणी आहे. ड्रोन बंद पडून तळ्याच्या मध्यावर तरंगत राहिला तर तो आणायला माणूस पाण्यात उतरतो, आणि खरा धोका तेथेच सुरू होतो. मगरी असलेल्या पाण्यावर फ्लोटची चाचणी कधीही घेऊ नये. डभोईजवळचे वढवाणा पाणथळ क्षेत्र २०२१ पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. हिवाळ्यात तेथे स्थलांतरित पक्ष्यांचे मोठे थवे उतरतात, आणि त्यांच्यावरून ड्रोन उडवणे हा त्यांच्या विसाव्यावरचा आघात आहे.

हवाई हद्दीचा विचारही अपरिहार्य आहे. विमानतळ हरणी येथे, शहराला लागूनच आहे. नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून ५ ते ८ किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीपासूनच पिवळा विभाग लागतो, ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत हिरवा आणि त्यावर पिवळा विभाग असतो, आणि त्याहून दूर हिरव्या विभागाची मर्यादा ४०० फूट असते. पिवळ्या विभागात हवाई वाहतूक नियंत्रणाच्या परवानगीशिवाय उडता येत नाही आणि लाल विभागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडता येत नाही. शहराचा बराच भाग या वर्तुळांत येतो, म्हणून पाण्यापासून दोन मीटर उंचीवरच उडणार असलो तरी त्या दिवशीचा डिजिटल स्काय नकाशा, म्हणजे हे विभाग दाखवणारा सरकारी ऑनलाइन नकाशा, पाहूनच निघावे.

उरलेला व्यवहार्य पर्याय म्हणजे पाद्रा, वाघोडिया किंवा डभोईच्या बाजूचे, हिरव्या विभागातील, मालकाच्या परवानगीने वापरता येणारे खासगी शेततळे किंवा पोहण्याचा तलाव. शेततळ्याला प्लॅस्टिकचे अस्तर असेल तर त्याचे उतार शेवाळाने अत्यंत निसरडे होतात आणि आत घसरलेल्या माणसाला बाहेर येता येत नाही. काठावर दोर बांधलेला असावा आणि एकट्याने जाऊ नये. पावसाळ्यानंतर नदीकाठच्या तळ्यांत मगर आलेली नाही ना, हे मालकाला स्पष्ट विचारावे. जलपर्णी असलेले पाणी टाळावे. मकरसंक्रांतीच्या आगेमागे आठ-दहा दिवस तर उडूच नये, कारण आकाशातील मांजा पात्यांत अडकला की फ्लोट कितीही उत्तम असले तरी उपयोग नाही.

पाण्यावर उतरणे आणि पुन्हा उडणे

हिवाळ्यातील सकाळची वेळ सर्वांत चांगली, कारण तेव्हा पाणी आरशासारखे स्थिर असते. ड्रोन नेहमी काठावर, कोरड्या आणि स्थिर जागेवर सुरू करावा. डुलत्या पाण्यावर सुरू केल्यास त्याचे संवेदक नीट स्थिरावत नाहीत. परत येण्याची आपोआप सोय काठावरच्या जागेवर नोंदवलेली आहे ना, ते तपासावे. बॅटरी ४० टक्क्यांच्या खाली जाण्यापूर्वी पाण्यावर उतरावे, म्हणजे पहिला प्रयत्न सोडून पुन्हा वर उठण्याइतकी शक्ती हाताशी राहते.

ड्रोन पाण्यापासून एक मीटरवर आला की खालचे पाणी आधी शहारते, मग पंख्यांखाली अर्धा सेंटिमीटर खोल उथळ वाट्या पडतात, त्यांच्या कडांवरून बारीक थेंब सुटून बाहेरच्या बाजूला धावतात आणि नूडलच्या बाहेरच्या अंगावर दाण्यांसारखे जमतात. रुंद फ्लोटमुळे हे थेंब बहुतांशी कॅमेऱ्यापासून दूर जातात, तरीही अर्धा मीटर उंचीवर रेंगाळू नये. तेथे थोडा वेळ थांबणे म्हणजे स्वतःच उडवलेल्या तुषारांत ड्रोनला भिजवणे होय. एक मीटरवर पूर्ण स्थिर व्हावे, आडवी हालचाल शून्य झाल्याची खात्री करावी आणि मग एकाच संथ गतीने सरळ खाली यावे.

सर्वांत नाजूक क्षण फ्लोट पाण्याला टेकल्यानंतरचा असतो. पाण्यावर ड्रोन डुलत राहतो, त्यामुळे तो उतरला आहे हे त्याच्या नियंत्रकाला, म्हणजे उड्डाण सांभाळणाऱ्या आतल्या संगणकाला, लगेच कळत नाही. वाऱ्याने तो थोडा सरकला की नियंत्रक त्याला मूळ जागी आणण्यासाठी कलवू पाहतो, आणि पाण्यावर टेकलेला ड्रोन कलला की पाते पाण्याला लागते. म्हणून फ्लोट टेकताच रिमोटवरची खाली येण्याची दांडी पूर्ण खाली ओढून मोटारी थांबेपर्यंत धरून ठेवावी. मध्येच सोडून विचार करू नये. मोटारी थांबल्यावर ड्रोन वाऱ्याबरोबर वाहू लागतो आणि स्वतःभोवती वळतो, तेव्हा वाऱ्याच्या दिशेला पुरेसे मोकळे पाणी असावे. पुन्हा उडताना याच्या उलट करावे : मोटारी सुरू झाल्यावर रेंगाळू नये, निर्धाराने सरळ वर उठून एक मीटरच्या पुढे जावे आणि फ्लोटचे पाणी निथळेपर्यंत काही सेकंद तेथे थांबावे.

ड्रोन पाण्यावरच राहिला तर तो आणण्याची व्यवस्था आधीच केलेली असावी. मासेमारीच्या गळाच्या दोरीला टेनिसचा चेंडू बांधून तो ड्रोनच्या पलीकडे फेकला आणि हलके ओढले की दोरी सांगाड्यात अडकते. सुरुवातीच्या चाचण्यांत पातळ दोरी सांगाड्याला बांधूनच ठेवावी, असे काही जण सुचवतात. मला ते पटत नाही, कारण पात्यांजवळ मोकळी दोरी असणे हाच मोठा धोका आहे.

ड्रोन पालथा झाला तर तो बाहेर येताच बॅटरी काढावी आणि सुरू करून पाहण्याचा मोह पूर्णपणे टाळावा. पाणी झटकून पंख्याखाली किमान दोन दिवस सुकवावा. तांदळाच्या डब्यात ठेवण्याने कोंडा आणि धूळ आत शिरते, त्याऐवजी सिलिका जेलच्या पुड्या वापराव्यात. आत पाणी गेलेली लिथियम बॅटरी कधीही चार्ज करू नये आणि घरातही ठेवू नये. सर्व काही सुरळीत पार पडले तरी घरी आल्यावर मोटारी हाताने फिरवून खरखर जाणवते का ते पाहावे आणि दोऱ्याच्या गाठी तपासाव्यात. उन्हाने नूडलचा पृष्ठभाग भुरभुरीत होतो आणि केबल टाय ठिसूळ होतात, म्हणून सांगाडा सावलीत टांगून ठेवावा, टाय दर हंगामात नवे घालावेत आणि प्रत्येक वेळी निघण्यापूर्वी सांगाडा काट्यावर ठेवावा. मूळ वजनापेक्षा दहा ग्रॅम अधिक भरला तर नूडल बदलावा.